खुराड्यावरचा पत्रा

समीक्षाचे बाबा खुर्चीवर बसून कोंबड्यांच्या खुराड्यावर पत्रा ठोकत होते. गुडघे धरल्यापासून त्यांचं जग अंगणाएवढंच उरलं होतं.

"कुठून आणलात हा?" समीक्षाने विचारलं. पत्र्याच्या खालच्या बाजूला लाल रंग दिसत होता.

"होता असाच. धर जरा तिकडून."

पडवीत आई बांगड्याच्या तुकड्यांना हळदमीठ लावत होती. बोटाला चिंधी.

"मीठ झोंबत नाही का गं?"

"विळीवर कापलं. एवढ्याने काय होतंय? तू उद्या सकाळच्या एसटीने नीघ."

"फाट्यापर्यंत चालत?"

"सातव्या महिन्यात चढण चढवीन होय तुला? कालपासून गाडी वाडीत यायला लागलीय परत."

बाबांचा खिळा वाकला, त्यांनी दुसरा घेतला.

सकाळी आई बॅग घेऊन पुढे गेली, ड्रायव्हरला थांबवायला. समीक्षा मागून सावकाश येत होती. आई पुलाच्या अलीकडच्या टोकावर उभी राहून हात दाखवत होती. एसटी पुलावर चढली आणि अलीकडचा भाग खचला. गाडी मागच्या चाकांवर अडकून राहिली. आतले सगळे वाचले. आई नदीत गेली. उरलेल्या कठड्यावर गणपतीआधी मारलेला चुना पांढराशुभ्र होता.

पुढच्या पंधरवड्यात चौकशी आली. देवळाच्या मंडपात वाडी जमली. बाबांना दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं.

"धोक्याचा फलक आम्ही लावला होता," बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले. "तो काढला कोणी?"

"आणि पूल पडला कशान्, ता नाय विचारत?" शेजारचा बाबल्या म्हणाला. "खांबाच्या सळया बाहेर आल्या म्हणून किती अर्ज दिले. दर गणपतीला तुमची माणसं येतात, कठड्याला चुना फासतात नि जातात. चाकरमान्यांना पूल नवा दिसतो. यंदा फलक लावलात. एसटी बंद झाली, दुरुस्ती काय झाली नाय."

"म्हणजे धोका तुम्हाला ठाऊक होता. तरी फलक काढलात."

बाबल्या खाली बसला.

"ज्याने काढला त्याच्यावर गुन्हा दाखल होईल. पुलाचं नंतर बघू."

बाबा खुर्चीचा हात धरून अर्धवट उठले.

"मी काढला. पत्रा खुराड्यावर आहे. बघा जाऊन."

साहेबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मागे कुणीतरी पुटपुटलं, बायकोला स्वतःच्या हाताने घालवलीन्.

समीक्षा खांबाला धरून उठली. बाबांनी तिच्याकडे बघत हळूच मान हलवली, नको अशी. इतके दिवस एका घरात राहून दोघांनी ही गोष्ट एकमेकांपाशीही काढली नव्हती.

"साहेब, बाबांना अंगणाच्या पायऱ्या उतरता येत नाहीत," ती म्हणाली. "फलक आईने काढला. मला चालावं लागू नये म्हणून."