दादाचं विमान अजून हवेत

दादाचं विमान मंगळवारी सुखरूप उतरलं. तूर्तास ते उतरलंच नाही असं समजा.

दादा विमानात प्रवाशांना चहा देतो. मी गच्चीत कपड्यांच्या हँगरचा अँटेना लावून विमानांचे लेखी निरोप पकडतो: तुंबलेला संडास, संपलेली कॉफी.

शुक्रवारी दादाच्याच विमानाचा निरोप आला: "चौथा दिवस. अजून हवेत."

दादा शेजारीच नखं कापत होता. "शहाण्या, त्या हँगरला शर्ट अडकव," तो म्हणाला.

लहानपणापासून लंगडणारा दादा परतल्यापासून सरळ चालतो. आई म्हणते, हवा मानवली.

माझं यंत्र नुसतं ऐकतं, त्याला उत्तर देता येत नाही.

दादा उठून माझ्या मागे उभा राहिला. पुढची ओळ आम्ही दोघांनी मिळून वाचली:

"आमच्या जागी घरी गेलेल्यांना परत बोलवावं आणि आम्हाला उतरण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती."