जुना साठा

कुपीच्या तळाशी पांढरी पूड होती, जेमतेम नखावर मावेल एवढी. सुमतीबाईंनी ती उजेडासमोर धरली आणि पुन्हा फ्रीजरच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

नागपूरच्या या प्रयोगशाळेत त्या कित्येक वर्षं बाळंतिणींच्या वारेपासून मानवी एन्झाइम वेगळं काढत आल्या होत्या. लेबर वॉर्डातल्या सिंधूताई बर्फाच्या डब्यात वार आणून द्यायच्या. आता तेच एन्झाइम परदेशात जिवाणूंकडून तयार करून घेतलं जात होतं. त्याचं पहिलं पार्सल उन्हाळ्यात आलं, तेव्हापासून जुन्या साठ्यातली ही शेवटची कुपी टाकायचा विषय निघाला की सुमतीबाई "उद्या बघू" म्हणायच्या.

"मॅडम, आता थंडी पडली, तुमचा 'उद्या' काही उजाडेना!" विभागप्रमुख श्रीधरराव हसत म्हणाले. "माणसाचं एन्झाइम माणसावाचून मिळतंय. बाकीच्या कुप्या टाकल्यात, मग या एकीतच काय जीव अडकलाय?"

ते गेल्यावर सिंधूताई रिकामा डबा न्यायला आल्या. "त्या जंतूंनी तं माह्या चकरा वाचवल्या, बाई!" म्हणत त्या वळल्या आणि थबकल्या. "काहून बाई, रडून राहिल्या तुम्ही?"

सुमतीबाईंनी कुपी बाहेर काढून मुठीत धरली.

 

"सिंधूताई, माझं बाळ पोटातच गेलं, तेव्हा त्याची वार तुम्हीच इथं आणून दिली होती. त्याचं एवढंच उरलंय माझ्याकडे. चला, आज पुरू या."