बुजगावणं

साडूने आपल्या बागकामाच्या धंद्याची सीडी काढली, वर स्वतःचा हसरा फोटो आणि फोन नंबर छापून. लावली की बासरी वाजते, हिरवळी सरकतात आणि मध्येमध्ये त्याचा घोगरा आवाज येतो. "भाऊजींनी किती छान केलीय! तुम्हीही काढा की एखादी," बायको म्हणाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धंदा माझाही तोच, आणि काम त्याच्यापेक्षा सरस.

ओळखीत वाटायला म्हणून त्याने गठ्ठाभर सीड्या आमच्याकडे ठेवलेल्या. मी कशाला वाटतोय! सगळ्या दोऱ्यांनी आमच्या बागेतल्या झाडांना टांगल्या. म्हटलं, हे थोबाड बघून पाखरं तरी पळतील.

आज फाटकाशी एक गाडी थांबली. उतरलेले गृहस्थ माझे वेल, माझं कारंजं डोळे भरून बघत राहिले. चिखलाचे हात धुऊन मी धावत बाहेर आलो, तोवर फाटकाजवळची सीडी हातात धरून ते फोनवर बोलत होते.



"तुमच्या बागेसमोरच उभा आहे, साहेब. आम्हाला अगदी अशीच करून द्या."