लाल तोंडाची काडतुसं

अकराव्या काडतुसाच्या तोंडावरचा लाल रंग ऑर्फाने बोळ्याने पुसून काढला, फुंकर मारली आणि त्यावर निळा चढवला. नवरा, ओकी, न्हाव्याकडे गेला होता. तिथे केसांना दहा मिनिटं लागायची आणि गप्पांना दीड तास, तेव्हा घाई नव्हती.

काडतुसं ओकी घरीच भरायचा. वडिलांची लहान नळीची बंदूक होती, खारी मारायची. तिची काडतुसं दुकानातून आणणं म्हणजे त्याला बापाचा अपमान वाटायचा. लष्करी रायफलींच्या जुन्या पितळी पुंगळ्या तो गोणीने आणायचा, त्यांची निमुळती मान सरळ करायचा आणि तळघरात बसून भरायचा. बंदुकीची दारू, पुठ्ठ्याची चकती, शिशाचे छर्रे, वर आणखी एक चकती. ती पडू नये म्हणून तोंडाला ऑर्फाचं लाल नेलपॉलिश. चाळीस वर्षांत त्यातला एक थेंब ऑर्फाच्या नखांना लागला नव्हता.

शिवाय मक्यावरचे कावळे उडवायला तो नुसत्या आवाजाची काडतुसं करायचा. त्यात छर्ऱ्यांच्या जागी मक्याचं पीठ. ती ओळखायला निळा रंग, नात विसरून गेली होती त्या बाटलीतला.

उद्या शनिवार, खारींच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. ओकीने तो एकसष्ट वर्षांत चुकवला नव्हता, आणि ऑर्फाला धास्ती होती ती त्याचीच.

चार्ल्सटनच्या डोळ्यांच्या डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन नोव्हेंबरात, तोवर बंदुकीला हात लावू देऊ नका. ओकी मात्र बाहेर आला तो "थेंब दिलेत" एवढंच बोलून गाडीत बसला. पुढच्याच रविवारी त्याने शेतातल्या बुजगावण्याची टोपी काढून माफी मागितली, चर्चला यायला जमलं नाही म्हणून. बुजगावण्याच्या अंगात पाद्रीबुवांचाच जुना कोट होता, त्यामुळे चूक अगदीच वेड्यासारखी नव्हती. पण तिच्या मनात ती घर करून बसली.

कारण ओकीबरोबर होबर्ट जायचा, तिचा धाकटा भाऊ. तपकिरी कोट घालून झाडाखाली ओंडक्यासारखा तासन् तास बसायचा. तिला भाऊ तेवढा एकच होता.

ओकीला सरळ सांगावं, तर त्याचं काय होईल हेही तिला माहीत होतं. मुलाने ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली तेव्हा तो महिनाभर ओसरीत बसून फक्त कुत्र्याशी बोलला होता. शेवटी कुत्राच शेजाऱ्यांकडे राहायला गेला.

तेव्हा हा मार्ग. बारा लाल काडतुसं निळी झाली, बारा निळी लाल झाली. जाईल, बार काढेल, खारींना शिव्या देईल, खुशीत घरी येईल.

ओकी परत आला आणि दारातच नाक वर करून हा वास कसला म्हणाला. तिने तयारी ठेवलीच होती, दोन्ही हातांची लाल नखं पुढे केली. त्याने ती अगदी डोळ्यांशी नेऊन पाहिली.

"कुणाचं लग्न आहे?" त्याने विचारलं.

सकाळी होबर्ट पिकअप घेऊन आला. बिस्किटं आणि सफरचंदाचा मुरंबा खाऊन झाल्यावर ओकी तळघरात गेला आणि खिसे फुगवून वर आला.

"लालच घेतलीस ना?" ऑर्फाने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मग? खारींना पीठ चारू?"

होबर्ट हसला आणि म्हणाला, दाजींच्या बाराने मरण्यापेक्षा खारी म्हातारपणानेच मरतील. ओकीने त्याच्याकडे बघायचंही टाळलं.

साडेसातला डोंगरावर पहिला बार झाला. ऑर्फा पीठ मळत होती, हात थांबला नाही. मार बाबा, मनसोक्त मार. थोड्या वेळाने दुसरा झाला. तिसऱ्याची ती वाटच बघत होती, पण त्याऐवजी हॉर्न वाजवत पिकअप आली. होबर्ट गाडी चालवत होता तो जवळजवळ उभा राहून, नाक काचेला लावून. शेजारी ओकी पांढराफटक.

पाच मिनिटांनी होबर्ट स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा पडला होता आणि ऑर्फा चिमटा घेऊन त्याच्या बुडाशी उभी होती. पॅन्ट जाड होती, अंतर चांगलं चाळीस पावलांचं होतं, म्हणून जखमा वरवरच्याच होत्या. पण होबर्टने त्याचं काही कौतुक केलं नाही.

पहिला छर्रा तिने थाळीत टाकला. टणकन वाजला. ती त्याच्याकडे बघतच राहिली. शिसं. तिने मनातल्या मनात कालचा हिशेब पुन्हा केला. बारा आणि बारा. एकही चुकलं नव्हतं.

"बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो, ताई," होबर्ट टेबलात तोंड खुपसून म्हणाला. "पहिला बार लागला तसा मी ओरडलो. तर दाजी हसले. चांगले खदाखदा हसले, आणि परत भरून दुसरा टाकला."

ऑर्फाने चिमटा खाली ठेवला.

"ओकी, कुठली काडतुसं नेली होतीस?"

ओकीने हातातली टोपी एकदा फिरवली.

"निळी," तो म्हणाला. "मुद्दाम. दहा पावलांपलीकडचं काही दिसत नाही मला, महिना झाला. म्हटलं, शिकारीला गेल्यासारखंही होईल आणि तुझा भाऊही जगेल. हा ओरडला तेव्हा वाटलं, नुसतं पीठ लागलं तरी नाटक करतोय. खिशात जरा जड लागली होती, पण म्हटलं, पिठाला ओल आली असेल."