बिनफुलांचा मांडव

तुळजाबाईच्या भावाचा जीव एका मधमाशीनं घेतला होता, आणि गेल्या साली तिचा मुलगा धर्मराजही मधमाशी डसून मरता मरता वाचला. हे मुलीकडच्यांच्या कानावर गेलं तर त्याची भोकरदनची सोयरीक मोडेल, म्हणून सुपारी फोडायला गेल्यावर तिनं मुलीच्या आईला, झुंबरबाईला, बेधडक थाप मारली.

“रेणुकाईला नवस बोलले मी. मांडवात एकबी फूल नको. हारसुद्धा सुताचेच.”

झुंबरबाईनं हातातली सुपारी ताटात परत ठेवली. झालं, मोडलं लग्न, असं तुळजाबाईला वाटलं.

 

“देवीच पावली म्हणायची, विहीणबाई. फुलं कशी टाळावी, या घोरात मला झोप न्हाई; आमच्या पोरीला एक मधमाशी डसली, तर ती जगायची न्हाई.”