अडलेला काटा

पायांची दहा बोटं आणि मधे आकडा. एकसष्ट पूर्णांक दोन. दुर्गेश्वरीनं वजनकाट्याचा रोजचा फोटो ग्रुपवर टाकला. सकाळचे सहा वाजले होते. तीन वर्षांची रिंकी आत झोपली होती.

वजन उतरवणाऱ्या चाळीस बायांचा हा ग्रुप गोंदियाच्या रुची मॅडम चालवायच्या. प्रत्येकीशी त्या नावानं बोलायच्या. दोन मिनिटांत त्यांचा आवाज आला. "दुर्गेश्वरीताई, नववा आठवडा आहे. काटा हलूनच नाही राहिला. काल दिवसभर काय खाल्लं, सच सच सांगा."

ओट्याला टेकून तिनं लिहिलं. मुगाच्या डाळीचे दोन धिरडे, वाटीभर लवकी म्हणजे दुधीची भाजी, काकडी, ताक. लवकीत तेलाऐवजी जिरं भाजून घातलं, हेही लिहिलं. ते कोणी विचारलं नव्हतं. तिरोड्याच्या सुशिलाबाईंनी टोमणा हाणला, की ताई गंज-पातेल्यात लपवून भात खाऊन राहिली असन. त्याखाली हसणारे पंधरा चेहरे आले. दुर्गेश्वरीही हसली. रिकाम्या स्वयंपाकघरात ते हसू जरा मोठंच वाटलं.

काटा अडला म्हणून रुची मॅडमनी दोरीच्या उड्या सातशे केल्या. दोन पोळ्यांची एक केली. भात तर पहिल्या दिवसापासूनच बंद होता. दुर्गेश्वरी सगळं करायची. पहाटे गच्चीवर उड्या मारताना जिन्याचं दार उघडं ठेवायची, दर पन्नास उड्यांनंतर थांबून कान द्यायची, रिंकी उठली तर नाही ना. संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन जिना चढायची-उतरायची, पंचवीस वेळा. आताशा कंगव्यात केसांचा गुंता यायचा. भाजी चिरताना हात थांबायचा, आणि आपण काय करत होतो ते आठवायला वेळ लागायचा. तिला व्यायाम नको होता, दिवसही नको होता. फक्त झोपायचं होतं.

फुलचूरच्या नव्या लेआउटमध्ये घर होतं. नवरा लोकेंद्र रायपूरला कंपनीत, पंधरा दिवसांनी शनिवारी यायचा. रोज फोन करायचा, रिंकीचा खोकला विचारायचा, टाकीत पाणी चढलं का विचारायचा. समोरच्या घराचं फाटक मोटारीपुरतं उघडायचं. तिचं माहेर दवनीवाड्याचं. तिथं बाई विहिरीवर जाता-जाता कुंपणावरून विचारते, आज का रांधलीस वो. उत्तर ऐकल्याशिवाय पुढं जात नाही. इथं दुपारी बारा वाजता मोबाइल वाजायचा. रुची मॅडम एकेकीचं नाव घेऊन विचारायच्या, काय जेवल्या.

साठाला पोचलं की तिचं टार्गेट पूर्ण होणार होतं. टार्गेट झालेल्या बाईला रुची मॅडम हाराचं चित्र पाठवायच्या, शाबासकी द्यायच्या आणि ग्रुपमधून काढायच्या. नव्या बाया रांगेत असायच्या. सहा महिन्यांत अकरा जणी अशा गेल्या. त्या दिवशी त्यांचं फार कौतुक व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव कोणी काढायचं नाही.

त्या गुरुवारी ती रिंकीला आंघोळ घालत होती. अंगाला साबण लावून ती तांब्यासाठी वाकली, आणि डोळ्यांसमोर काळं आलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. एवढंच तिला आठवत होतं. डोळे उघडले तेव्हा रिंकी भरल्या बादलीत वाकली होती. तांब्या तळाशी गेला होता आणि तो काढायला तिनं दोन्ही हात खोल घातले होते. टाचा उचललेल्या. केस पाण्यात तरंगत होते.

दुर्गेश्वरीनं तिला ओढून घेतलं. रिंकी खिदळली. तिला तो खेळ वाटला.

किती वेळ गेला असेल? एक मिनिट, की चार? सांगणारं घरात कोणी नव्हतं. तिनं बादली उपडी केली. पाण्याच्या ड्रमचं झाकण लावलं, त्यावर दगड ठेवला. मग लोकेंद्रला फोन केला. तो शिफ्टमध्ये होता, म्हणाला, काही अर्जंट आहे का. ती म्हणाली, नाही, असंच. बारा वाजता रुची मॅडमनी विचारलं तेव्हा तिनं भाजीचं नाव लिहिलं. बादलीचं लिहिलं नाही.

रिंकीला तिनं दिवसभर खाली ठेवलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती काट्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग चढली. फोटो काढला, पाठवला आणि मोबाइल ओट्यावर ठेवून दिला.

छप्पन्न पूर्णांक चार.

आधी टाळ्या आल्या. मग हार आले. सुशिलाबाईंनी लिहिलं, आता पेढे पाठवा. त्या गर्दीत रुची मॅडमनी ग्रुपवर न बोलता सरळ फोन लावला. एका रात्रीत पाच किलो कसं उतरलं, मशीन बिघडली का, त्यांनी विचारलं.

"मशीन बरोबर आहे, मॅडम. मी पिशवीत तांदूळ घेऊन काट्यावर उभी राहत होती, जेवढं वजन उतरलं तेवढे तांदूळ वाढवत. नऊ आठवडे झाले."



"म्हणजे टार्गेट तर कधीचंच झालं. मग हे कायले, ताई?"

रिंकी झोपेतून उठून दाराशी आली होती. दुर्गेश्वरीनं तिला उचलून घेतलं.

"साठाला तुम्ही ग्रुपमधून काढता ना, मॅडम. मग मी काय जेवली, हे मले कोण विचारीन?"