गळ्यातली पाटी

मोटरसायकल तिसऱ्यांदा मागून आली आणि या वेळी हेमालीच्या पुढ्यात आडवी थांबली. भिवंडी-वाडा रस्ता, अंबाडी नाका अजून दोनेक किलोमीटर लांब, चैत्रातलं सकाळचं दहाचं ऊन.

"कुठं निघालीस एकटीच?" मोटरसायकलवाल्यानं विचारलं.

हेमालीनं गळ्यातली पाटी पुढे केली. पुठ्ठ्यावर मराठीत आणि खाली हिंदीत लिहिलं होतं: 'माझे मौन आहे. वज्रेश्वरीला पायी चालले आहे.' हे अक्षर तिच्या नवऱ्याचं, भूपेशचं. त्याला गाडीवरून तिच्या मागं मागं यायचं होतं, पण तिनं साफ नाही म्हटलं. त्यांच्या घराच्या भिंतीला लागूनच कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना. अष्टौप्रहर खटखट. त्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागतं. एक दिवस तिला स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकायचा होता, आणि पहाटेपासून तो ऐकू येत होता. भारी सुख होतं ते. "मग निदान पाटी तरी घाल, लोक समजून घेतील," भूपेश म्हणाला होता.

मोटरसायकलवाल्यानं पाटी समजून घेतली. दोनदा वाचली आणि हसला.

"म्हणजे ओरडणार पण नाहीस?" त्यानं तिच्या पिशवीचा बंद धरला. "बस मागं. देवळापर्यंत सोडतो."

हेमालीच्या घशाशी किंकाळी आली. तिनं ती दातांखाली दाबली. तिची लेक रिया तीन वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. 'हिला बोलतं कर, मी तुझ्या पायरीपर्यंत तोंड न उघडता चालत येईन,' असा नवस होता. गेल्या दिवाळीत रिया बोलली. पहिला शब्द शेजाऱ्यांच्या हिंदीतला निघाला, 'रुको'. पण भाषा कोणती हवी हे देवीला सांगायचं राहूनच गेलं होतं, तर तक्रार कुणाकडे करणार? आता इथं ओरडलं तर? पोरीचे शब्द देवी परत नेत नाही, हे हेमालीला कळत होतं. तरी तोंड उघडेना.

पलीकडे झाडाखाली ताडगोळे विकणारी एक म्हातारी बसली होती. ती उठली. हातातला कोयता खाली ठेवायचं काही तिला सुचलं नाही. तशीच रस्ता ओलांडून आली.

"काय लिवलंय रं त्या पाटीवर?"

"काही नाही, मावशी. ओळखीची आहे माझ्या."

"वाच. मना वाचता येत न्हाय."

कोयता बघून त्यानं बंद सोडला. "मौन आहे म्हणतेय."

"म्हंजे ही वरडायची न्हाय." म्हातारीनं हेमालीचं तोंड नीट निरखलं. "बरं. मग मी वरडते."

आणि ती ओरडली. उभा जन्म रस्त्यावर ताडगोळे विकून कमावलेला गळा तो. पहिल्या हाकेला वीटभट्टीवरच्या बायका डोक्यावरच्या विटा टाकून धावल्या. दुसऱ्या हाकेला एक टेम्पो थांबला. पुढचं सगळं त्या माणसाच्या खानदानाबद्दल होतं आणि ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोटरसायकल कशी वळली आणि कधी दिसेनाशी झाली, ते कुणालाच कळलं नाही. तरी म्हातारी आणखी थोडा वेळ ओरडत होती. एवढा राग आला होता तिला.

मग तिनं हेमालीच्या गळ्यातली पाटी काढून तिच्याच पिशवीत घातली.

"देवीला दाखव ही. रस्त्याला सांगत फिरू नको." आवाज आता फाटत चालला होता. "मी ठकुबाई. दिघाशीची. जा तू, एकटीच जा. कोन तुझ्यासंगं येत न्हाय."

हेमाली चालायला लागली तेव्हा मागून ठकुबाईचा फाटका आवाज मोबाईलवर कुणाला तरी सांगत होता, "पार्वते, पिवळी साडी हाय. बोलू नको तिच्याशी. नुसता डोळा ठेव आनि पुढं कळव."

अंबाडी नाक्यावर फुलं विकणाऱ्या बाईनं मान वर केली, हात हलवला आणि पुन्हा गजरा ओवायला लागली. पुढे उसाच्या रसाच्या गाडीवरच्या पोरीनं हात हलवला. त्यापुढे पाण्याच्या टाकीवर कपडे धुणाऱ्या दोघींनी. कुणी हाक मारली नाही, कुणी दोन पावलंही सोबत आली नाही. हेमालीला पुन्हा आपल्या पावलांचा आवाज ऐकू यायला लागला. तिला रडू आलं, पण तेही तिनं आवाज न करता उरकलं.

देवळात तिनं एकच शब्द उच्चारला, "आई." बाकीचं सगळं ठकुबाईसाठी राखून ठेवलं. परतीच्या रिक्षात ती वाक्यं जुळवत बसली. काय म्हणायचं, पाया कधी पडायचं, रियाचं कसं सांगायचं.

झाडाखाली उतरली तर ठकुबाईची निम्मी टोपली तशीच होती. समोरून गाड्या सुसाट जात होत्या. ठकुबाईनं तिला पाहून तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. तिनं गळ्याकडे बोट केलं आणि खांदे उडवून हसली. सकाळी गेलेला आवाज परत आला नव्हता.

हेमालीची जुळवलेली सगळी वाक्यं जागच्या जागी विरली. तिनं पदर खोचला, टोपलीशेजारी बसकण मारली आणि लूमच्या खटखटीवर चढवायचा आपला घरचा आवाज लावला.

"ताडगोळेऽऽ! ठकुबाईचे ताडगोळेऽऽ!"

एक गाडी करकचून थांबली. ठकुबाईनं कोयता उचलला आणि दुसऱ्या हातानं खूण केली, अजून मोठ्यानं.